एकेचाळीस कलमांची क्षमा

जैनांच्या संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, उपवासाचं पारणं व्हायच्या आधी, ओतूरच्या पोपटलाल शिंगवींनी साऱ्या जगाची क्षमा मागितली. आणि सकाळी गेलेली वीज दुपारी परत आली, तेव्हा जगाने त्यांच्यावर चौकशी बसवली होती.

जग म्हणजे अकराशे माणसं. लिनक्स या फुकट कॉम्प्युटर-प्रणालीच्या एका डिस्ट्रिब्युशनसाठी, म्हणजे जुळवून वाटलेल्या संचासाठी, बिनपगारी काम करणारी, एकमेकांना कधी न पाहिलेली आणि तरी रोज एकमेकांना मेल लिहिणारी. चौसष्टाव्या वर्षी पोपटलाल त्यांच्यात जाऊन बसले होते, तेही मागच्या बाकावर, कुणी ‘इथे कसे?’ म्हणून उठवणार नाही ना अशा बेताने.

त्यांचं काम होतं ‘गर्डर’ नावाच्या प्रोग्रामचं. पूल, शेड, पाण्याची टाकी, काहीही त्यात घातलं की भार आल्यावर ते कुठे आणि किती वाकेल हे गर्डर सांगे. एका चेक प्राध्यापकांनी तो लिहून जगाला फुकट देऊन टाकला होता. पण लिहिलेला प्रोग्राम आणि कुणालाही एका आज्ञेत आपल्या मशीनवर बसवता येईल असा प्रोग्राम, यात अंतर असतं. ते अंतर पोपटलाल दोन वर्षं कापत होते. त्यांच्या पत्नी सज्जनबाई घरी पापड करून विकत असत, म्हणून त्यांना त्यांच्याच भाषेत समजावणं सोपं गेलं होतं.

“तुझं पापडाचं पीठ असतं ना, तो झाला प्रोग्राम. आणि लेबल लावलेला, तपासलेला, मोजका पुडा असतो, ते झालं पॅकेज.”

“म्हणजे तुम्ही पुडे बांधता,” सज्जनबाई म्हणाल्या होत्या. “दोन वर्षं? एकच पुडा?”

“नियम फार आहेत गं. आतली प्रत्येक फाईल कुणाची, कोणत्या परवान्याची, ते लिहावं लागतं.”

“आणि पुड्यावर नाव कुणाचं?”

पोपटलाल जरा लाजले होते. “बांधणाऱ्याचं.”

खरी गोष्ट तीच होती. बत्तीस वर्षं त्यांनी पुण्याच्या एका सरकारी कचेरीत धरणाचे दरवाजे आणि कालव्यांचे पूल कागदावर काढले. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मंजूर करणाऱ्या साहेबांची ऐसपैस सही असे, आणि खाली बारक्या चौकोनात ‘पो. शिं.’ कागदाची घडी नेमकी त्या चौकोनावरून पडे, त्यामुळे दोन-चार वर्षांत ‘पो. शिं.’ झिजून जाई. घरात सज्जनबाईंच्या पुड्यावर मात्र ‘सौ. सज्जनबाई पोपटलाल शिंगवी, ओतूर’ असं लाल शाईत छापलेलं असे. पोपटलालना त्या लेबलाचा हेवा वाटे, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. गर्डरच्या पॅकेजात एक ओळ होती: ‘बांधणी व देखभाल: पोपटलाल शिंगवी, ओतूर.’ तीस सप्टेंबरला डिस्ट्रिब्युशनच्या नव्या आवृत्तीचं दार बंद होणार होतं. आत गेलं ते गेलं. राहिलं ते पुढल्या आवृत्तीत, म्हणजे दोन-अडीच वर्षांनी. आणि दोन-अडीच वर्षांचे बेत करू नका, असं हृदयाच्या डॉक्टरांनी मागच्या दिवाळीत पोपटलालना जवळजवळ सांगितलंच होतं.

तर त्या सकाळी नेहमीप्रमाणे खमतखामणा करायचा होता. वर्षभरात कुणाला दुखावलं असेल तर क्षमा मागायची. नातेवाइकांना, व्यापाऱ्यांना छापील पोस्टकार्डं जात. दीडशे कार्डांवर पोपटलाल फक्त पत्ते लिहीत. यंदा त्यांना वाटलं, ज्यांच्याशी वर्षभर सर्वांत जास्त बोललो त्या अकराशे माणसांना कसं वगळायचं? त्यांनी इंग्रजीत मेल लिहिला. त्याचा मतलब असा: ‘गेल्या वर्षभरात मी कळत वा नकळत, मनाने, वाणीने किंवा कृतीने आपलं काही वाईट केलं असेल, तर हात जोडून क्षमा मागतो.’

मेल हळूहळू वर सरकत होता. आठला वीज जाणार होती. दारात सज्जनबाई हात जोडून उभ्या राहिल्या.

“अहो, खमत...”

“एक मिनिट, एक मिनिट! जातोय, जातोय,” पोपटलाल पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. मेल गेला. मागोमाग वीज गेली. त्यांनी वळून पाहिलं तर दारात कोणी नव्हतं. स्वयंपाकघरातून मुगाच्या पाण्याची वाटी जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

दुपारी रामनाथ मोटारसायकलवरून आला तो कागदांचा गठ्ठा घेऊनच. रामनाथ भीमाशंकरकडच्या डोंगरातला. जवळच्या एका डिप्लोमा कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळणारा. पोपटलालना लिनक्स त्यानेच शिकवलं होतं. त्यालाही गर्डर हवा होता, कारण लॅबमधली चाळीस पोरं एका महागड्या परदेशी सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रतीवर शिकत होती आणि त्याला त्याची शरम वाटे.

“काका, काय केलंत वो तुमी?” तो उंबऱ्यातूनच ओरडला. “त्रेसष्ट मेल आल्यात!”

“सगळ्यांनी क्षमा केली?” पोपटलालनी आनंदाने विचारलं.

“क्षमा? पॅकेज अडकवलंय तुमचं!”

पहिलं उत्तर बेरिटबाईंचं होतं. नॉर्वेच्या या बाई नव्या आवृत्तीच्या प्रमुख होत्या; आत काय जाणार, काय नाही, हे त्यांच्या हातात होतं. त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. ‘प्रामाणिकपणाबद्दल आभार. आपण “कळत” असा शब्द वापरला आहे. कळत नेमकं काय केलं, त्याची यादी द्यावी. तोपर्यंत आपलं पॅकेज रोखून धरलं आहे.’ त्यानंतर एका ब्राझीलवाल्याने, गर्डरमधून माणसांची माहिती चोरून बाहेर जाते का ते पाहा, असं सुचवलं होतं. कॅनडातल्या एकाने वकिलाचं मत मागवलं होतं. आणि न्यूझीलंडच्या एकाने सरळ विचारलं होतं, ‘“मनाने” वाईट केलं, ते कोणत्या फाईलमध्ये आहे?’

पोपटलाल खुर्चीत बसले ते अर्धेच बसले. “आता?”

“आता काय, एक ओळ टाका. आमच्याकडं सणाला असं लिवायची पद्धत हाय, मनावर घेऊ नका, मेल परत घेतो. खल्लास.”

“म्हणजे मी लिहिलं ते खोटं होतं, असं लिहू?”

“खोटं न्हाई वो. फॉर्म्यालिटी.”

एरवी पोपटलालनी ती ओळ तत्काळ लिहिली असती. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. कुणी भुवई उचलली की शब्द मागे. पण ‘फॉर्म्यालिटी’ हा शब्द त्यांना खुपला. कारण दीडशे छापील कार्डं त्यांच्या डोळ्यांपुढे आली. ते टोपी घालून उठले आणि जैन स्थानकाकडे निघाले. तिथे चातुर्मासासाठी एक वयोवृद्ध साध्वी, महासतीजी, मुक्कामाला होत्या.

महासतीजींनी सगळं शांतपणे ऐकलं. “या बाई कुठल्या म्हणालात?”

“नॉर्वेच्या.”

“जैन आहेत?”

“नाही.”

“तरी प्रश्न बरोबर विचारला. काल प्रतिक्रमणात दोष एकेक करून म्हटलेत ना तुम्ही, पोपटलालजी? की नुसते ओठ हलवलेत?”

“ओठ,” पोपटलालनी कबूल केलं.

“मोघम क्षमा आळशी माणसाची. त्या यादी मागतात, यादी द्या. मागे मात्र घेऊ नका. मागितलेली क्षमा मागे घेणं, तो आणखी एक दोष.”

स्थानकातून परतलेले पोपटलाल रामनाथला निराळेच वाटले. टोपीसुद्धा सरळ होती.

“बस. टाईप कर,” ते म्हणाले. “एक शब्द मागे घ्यायचा नाही. नेमकं मागितलंय ना त्यांनी? नेमकं देतो. वाचता वाचता दमतील!”

यादी दहा दिवस चालली, कारण वीज असेल तेवढंच टाईप होई आणि उरलेल्या वेळात पोपटलालना नवे दोष आठवत. सज्जनबाई येऊन, “चहा ठेवलाय,” एवढंच म्हणून जात. त्या दिवसांत त्या कामापुरतंच बोलत होत्या. पोपटलालना वाटलं, उपवासाचा थकवा असेल.

“कलम तीन,” पोपटलाल सांगत. “मदतपुस्तिकेचं चौथं पान न वाचताच ‘तपासलं’ अशी खूण केली. कळत. कलम नऊ. आपल्या नियमपुस्तिकेला तहसील कचेरी म्हटलं. तीन वेळा. मनाने.”

“बेरिटबाईला तहसील कचेरी काय कळणार?”

“खाली टीप दे. कलम चौदा. एका फ्रेंच गृहस्थाने माझी चूक दाखवली. ती खरोखरच चूक होती, म्हणून त्याला आठ दिवस उत्तर दिलं नाही. कलम सव्वीस. एके ठिकाणच्या चोरीच्या सॉफ्टवेअरवर मी माझी उत्तरं जुळवून पाहिली.”

रामनाथची बोटं थांबली. “एके ठिकाणच्या म्हंजे आमच्या लॅबच्या?”

“नाव नाही लिहिलेलं.”

“ते काढा काका! माझी नोकरी जाईल!”

“मागे काही घ्यायचं नाही. हवं तर ‘ठिकाण डोंगरापलीकडे’ असं लिही.”

“आवो, आपल्याकडं कुठूनबी बघा, डोंगराच्या पलीकडंच हाय सगळं!” रामनाथ म्हणाला. मग जरा विचार करून त्याने ते तसंच ठेवलं.

चाळीस कलमं झाली. एकेचाळिसाव्याला पोपटलाल अडखळले. पाणी प्यायले. चष्मा पुसला.

“एकशे सदतिसावी चाचणी,” ते हळूच म्हणाले.

गर्डरसोबत दोनशे बारा चाचण्या येत. प्रत्येकीत एक गणित आणि त्याचं आधीच ठाऊक असलेलं उत्तर. प्रोग्रामने गणित सोडवायचं आणि उत्तर जुळतं का पाहायचं. सगळी जुळली तरच पॅकेज पुढे जातं.

“ती बंद करून टाकलीय मी.”

“गर्डरचं उत्तर चुकत व्हतं?”

“गर्डरचं बरोबर आहे. चाचणीत लिहिलेलं उत्तर चूक आहे. तुळईचं उजवं टोक भिंतीत पक्कं बसवलेलं आहे आणि उत्तर दिलंय नुसत्या टेकवलेल्या टोकाचं. हाताने सोडवलं मी. दोनदा. सात पानं झाली.”

“मंग सांगितलं का न्हाई कुणाला?”

“अरे, प्राध्यापकांनी स्वतः लिहिलेली चाचणी. अकरा वर्षं जगभर वापरतात. कुणी बोललं नाही. मग चूक माझीच असणार, नाही का?”

“आन् चाचणी का बंद केली, त्याचं कारण काय लिवलंय?”

पोपटलालचा आवाज आणखी खाली गेला. “वीजपुरवठा अनियमित.”

रामनाथ इतका हसला की खुर्ची मागे सरकली. “वीजवाल्यांवर ढकललंत! लई भारी, काका!”

पोपटलाल हसले नाहीत. उठून त्यांनी कपाटातली सात पानं काढली आणि उभ्याउभ्याच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बत्तीस वर्षांत साहेबांच्या आकड्यावर त्यांनी एकदाही पेन्सिल टेकवली नव्हती. पानं खाली ठेवून ते म्हणाले, “लिही. चाचणी मी बंद केली. कळत. कारण खोटं दिलं. कळत. चाचणीतलं उत्तर चूक आहे. माझं बरोबर आहे.”

“शेवटचं वाक्य माफीत बसत नाय, काका.”

“बसव.”

अठ्ठावीस तारखेला यादी तयार झाली आणि त्याच सकाळी आळेफाट्याकडे रस्ता खोदताना कुणीतरी टेलिफोनची केबल तोडली. ओतूरचं इंटरनेट गेलं. रामनाथने पोपटलालना मागे बसवून मोटारसायकल जुन्नरला घातली. सात पानांची कॉम्प्युटरमध्ये छबी घ्यायची म्हणून ते एका फोटो स्टुडिओत शिरले.

“पासपोर्ट साईज का पोस्टकार्ड?” स्टुडिओवाल्याने पानं उलटसुलट करत विचारलं.

“जसं आहे तसं. पूर्ण आलं पाहिजे. कोपऱ्यासकट,” पोपटलाल म्हणाले. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांनी पूर्ण नाव लिहिलं होतं आणि पानांना घडी पडू दिली नव्हती.

तिथून सायबर कॅफे. तिथे मेल वर चढायला पन्नास मिनिटं लागली. मालकाने दोनदा येऊन विचारलं, “पावणं, एवढं काय पाठवताय?”

“माफी,” रामनाथ म्हणाला.

“बाप रे,” म्हणून मालक गेला, तो पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओतूरची केबल जोडली गेली. मेल उघडला तर एकही उत्तर नव्हतं. अकराशे माणसं गप्प. पोपटलाल अंगणात गेले, आत आले, पुन्हा गेले. “फार लिहिलं का रे आपण? ते शेवटचं वाक्य...”

“तुमीच म्हणालात, बसव.”

दुपारी प्राध्यापकांचं उत्तर आलं. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि या मंडळीत चार वर्षांत एकदाही बोलले नव्हते. ‘श्री. शिंगवी यांची सात पानं मी तपासली. ती बरोबर आहेत. एकशे सदतिसाव्या चाचणीचं उत्तर मी एका जुन्या वहीतून उतरवलं, तपासलं नाही. कळत.’

यानंतर जे झालं त्याला जबाबदार कोण, हे ठरवणं कठीण आहे. गर्डरची पॅकेजं आणखी पाच डिस्ट्रिब्युशनांत होती. त्या पाचही ठिकाणच्या बांधणाऱ्यांनी एकामागून एक कबूल केलं, की एकशे सदतिसावी चाचणी त्यांनीही गुपचूप बंद केली होती, कारण एवढ्या मोठ्या प्राध्यापकांचं चुकणार कसं? एकाने कारण म्हणून ‘हवेतील आर्द्रता’ लिहिलं होतं. त्यांचं पाहून बाकीचे सुरू झाले. ब्राझीलवाल्याने न तपासलेल्या फाईलींची यादी दिली. वकील बोलावणाऱ्या कॅनडावाल्याने आपल्या पॅकेजातलं चित्र दुसऱ्याचं असल्याचं सांगितलं. प्रत्येकाने आपापलं पॅकेज सोडून पुन्हा बांधायला घेतलं, आणि त्या गोंधळात तीस तारखेचं दार चार दिवस उघडं ठेवावं लागलं.

बेरिटबाईंचा मेल तीन ऑक्टोबरला आला. नियमपुस्तिकेचं सहावं प्रकरण त्यांनी स्वतः लिहिलं होतं, पण पाचवं कधीच पूर्ण वाचलं नव्हतं. ‘तहसील कचेरी ही उपमा टीप वाचल्यावर मला मान्य आहे,’ असंही त्यांनी लिहिलं होतं. शेवटची ओळ होती: ‘गर्डर स्वीकारला.’ खाली न्यूझीलंडवाल्याची विचारणा होती, की हा दिवस पुढल्या वर्षी किती तारखेला येतो? त्याला तयारीला वेळ लागेल.

पोपटलालनी गर्डरच्या पॅकेजातल्या नावाच्या पानाची छापील प्रत काढली. ‘बांधणी व देखभाल: पोपटलाल शिंगवी, ओतूर.’ ती घेऊन ते ताठ मानेने स्वयंपाकघरात गेले. सज्जनबाई पापड लाटत होत्या. शेजारी लेबलांची चळत होती. पोपटलालनी आपला कागद तिच्या शेजारी ठेवला.

सज्जनबाईंनी मान तिरपी करून पाहिलं. “अक्षर बारीक आहे,” त्या म्हणाल्या आणि पुढचा पापड घेतला.

“सगळं जग कबुली देतंय, सज्जन. मी एक शब्द मागे घेतला नाही.”

“ऐकलं मी. अकराशे माणसांना गेलं. दीडशे कार्डं गेली. माझ्या भावाला गेलं, ज्याच्याशी तुम्ही दहा वर्षं बोलत नाही.” लाटणं थांबलं. “त्या सकाळी दारात हात जोडून कोण उभं होतं?”

पोपटलालच्या डोळ्यांपुढे सरकणारा मेल आला, आठ वाजायला आलेलं घड्याळ आलं आणि रिकामं दार आलं. त्यांनी घाईने हात जोडले. “खमतखामणा, सज्जन. वर्षभरात कळत-नकळत...”

“ते मोघम नको,” सज्जनबाई म्हणाल्या. “नॉर्वेच्या बाईला कसं दिलंत? तसं द्या. नेमकं. कळत वेगळं, नकळत वेगळं. तोवर माझ्याकडून तुमचं अडकवून ठेवलंय.”

“काय अडकवलंय?”

“ते यादी आली की कळेल.”

पोपटलाल कोरे कागद आणि पेन घेऊन तिथेच, पिठाच्या डब्याशेजारी पाटावर बसले.

“रामनाथला बोलावू का टायपिंगला?”

“हाताने.”

“नुसतं या वर्षीचं ना?”

“पहिल्यापासून. एवढी वर्षं नुसतं मोघमच चाललंय.”

पोपटलालनी कागदावर समास आखला. “म्हणजे सदुसष्ट सालापासून धरू?”

सज्जनबाईंनी वर पाहिलं. “लग्न सहासष्टला झालं आपलं.”

पोपटलालनी कागदावर ‘कलम एक’ लिहिलं.